पोरगा इतका घाबरतो, आमचं काय चुकलं?

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी आई विचारते, कधी बाप, आणि कधी दोघं एकमेकांकडे बघत विचारतात म्हणजे उत्तरात नाव दुसऱ्याचं यावं अशी मनातून इच्छा असते. आज एका घराची गोष्ट सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. पोराला आपण सोनू म्हणू.

सोनू पाचवीत. गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, वडिलांचं कृषी केंद्र, बियाणं-खतं-औषधं, चार एकर शेती, आई घरी शिलाई करते, आणि घरात आजी, वडिलांची आई. गेल्या ऑक्टोबरात दोघं नवराबायको पहिल्यांदा आले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते आणि दुकान, मजूर सगळं सोडून हा माणूस शनिवारचा धुळ्याला आलाय म्हणजे गोष्ट साधी नाही हे मला तिथेच कळलं. तक्रार अशी की पोराला नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला टाकलंय, शनिवार-रविवार, गावावरून मोटारसायकलवर धुळ्याला यायचं, आणि वाटेत सोनगीर आलं की पोराच्या पोटात कळ. मग उलटी. कधीकधी सोनगीर यायच्या आधीच, नरडाण्यालाच. लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, एखाद्या समुपदेशकाला भेटा.

इथे एक सांगते, कारण बरेच पालक इथेच चुकतात. ‘मनाचं आहे’ म्हणजे पोरगं नाटक करतंय असं नाही. पोट खरंच दुखतं. मेंदू आणि आतडी यांचं सतत बोलणं चालू असतं, भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते, मळमळतं, कळ येते, हे शरीरात घडतं. आधी डॉक्टरला दाखवलं हे त्यांनी बरोबर केलं. वजन घटत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप असेल, शौचातून किंवा उलटीतून रक्त जात असेल तर आधी डॉक्टरच, माझ्याकडे नंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवोदय म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय, सरकारी, निवासी, सहावीपासून प्रवेश. पाचवीत असताना परीक्षा, २ तास, ८० प्रश्न, १०० मार्क, त्यातले निम्मे मार्क बुद्धिमत्तेचे, बाकी गणित आणि भाषा. एका शाळेत सहावीला ८० पोरं घेतात आणि कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी. आणि सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते. आता गावाकडच्या बापाला हे ‘एकदाच’ कसं ऐकू येत असेल याचा विचार करा.

त्या दिवशी वडील सलग वीस मिनिटं बोलले, मी मध्ये अडवलं नाही. नवोदय लागली नाही तर गावातली शाळा, मग तालुक्याचं कॉलेज, मग बी.ए. करून घरी, मग पारावर मोबाईल बघत आणि पुड्या खात बसलेली पोरं आहेत त्यांच्यात बसणार, चार एकरात काय होतं, भाव नाही, आणि शेती करणाऱ्या पोराला आज कोणी मुलगी देत नाही मॅडम, आमच्या भाऊबंदकीत पस्तिशीची पोरं बसलीयत बिनलग्नाची. दहा वर्षांच्या पोराच्या पोटदुखीवरून आम्ही त्याच्या न होणाऱ्या लग्नापर्यंत आलो होतो. आणि मग आवाज एकदम बदलला, पण लागली तर मॅडम, शिकेल, मोठा साहेब होईल, गावात सत्कार होईल तेव्हा मी मागे उभा राहीन, मला स्टेजवर नको बसायला.

मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. या माणसाच्या डोक्यात दोन सिनेमे एकाच वेळी चालू होते आणि पोरगं बिचारं सोनगीरला रस्त्याच्या कडेला ओकत होतं.

मग मी सोनूशी एकट्याशी बोलले. बारीक, डोळे मोठे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. प्रश्न विचारला की आधी दाराकडे बघायचा. पहिल्या भेटीत फार काही मिळालं नाही, आम्ही चल्लस खेळलो. दुसऱ्या वेळी मी सहज विचारलं, क्लास सुटला की पप्पा घ्यायला येतात तेव्हा काय होतं? तर म्हणाला, पप्पा हेल्मेट कसं काढतात त्याच्यावरून मला कळतं.

काय कळतं?

‘हळू काढलं तर सरांनी त्यांना मार्क सांगितले असतात.’

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पोरगं क्लासच्या दारातून बाहेर येताना बापाचं हेल्मेट वाचत होतं. घरी आल्यावर बाप चप्पल कुठे काढतो, जेवताना दुसरी भाकर घेतो का, आजीशी बोलतो का, हे सगळं त्याला पाठ होतं. आईला त्याने कधी काही सांगितलं नव्हतं कारण आई रडते. दहाव्या वर्षी हा मुलगा दोन मोठ्या माणसांची मनं सांभाळत होता आणि त्यातून वेळ उरला की अपूर्णांक करत होता.

वडिलांना हे सांगायचं कसं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. सरळ सांगितलं असतं की दादा, पोरगं तुमच्या तोंडाकडे बघून आजारी पडतंय, तर एकतर ते चिडले असते नाहीतर मोडले असते. माणूस वाईट नव्हता. पोरासाठी आठवड्याला दोन दिवस दुकान बंद ठेवणारा बाप होता. मग मी त्यांना म्हटलं की एक जुना इंग्रजी सिनेमा आहे, तो दोघांनी मिळून बघा आणि पुढच्या वेळी आपण त्याच्यावर बोलू.

सिनेमाचं नाव ‘पॅरेंटहुड’, १९८९ चा, दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, मुख्य भूमिकेत स्टीव्ह मार्टिन. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं एक मोठं कुटुंब, चार भावंडं, त्यांचे म्हातारे आईबाप, आजी, आणि सगळ्यांची पोरं. म्हणायला विनोदी आहे आणि हसूही खूप येतं पण मला तो कामाचा वाटतो कारण त्यात पोरं वाढवण्याचा फॉर्म्युला कोणालाच सापडलेला नाही. एक बहीण नवऱ्याविना दोन वयात आलेली पोरं सांभाळतेय, मुलगी ऐकत नाही आणि मुलगा खोलीचं दार लावून गप्प. दुसऱ्या बहिणीचा नवरा तीन-चार वर्षांच्या पोरीला हुशार करायच्या इतका मागे लागलाय की कार्डं दाखवून गणितं घेतो, आणि ते बघताना मला आपल्याकडचे बालवाडीतल्या पोरांचे फोनिक्स आणि अबॅकसचे क्लास आठवतात. धाकटा भाऊ जुगारी, आणि म्हाताऱ्या बापाचा जीव नेमका त्याच्यातच अडकलेला. पोरांसोबत बसून बघू नका, काही सीन मोठ्यांचे आहेत, पोरं झोपल्यावर बघा.

मुख्य गोष्ट मोठ्या भावाची, गिल नावाचा. त्याचा थोरला मुलगा केव्हिन, लहान आहे, सतत टेन्शनमध्ये, छोट्या गोष्टीने रडणारा, आणि शाळा सांगते की याला भावनिक त्रास आहे, याला वेगळ्या शाळेची गरज आहे. गिल ठरवतो की मी माझ्या बापासारखा होणार नाही, मी पोराला वेळ देणार, आणि तो खरंच देतो, पोराच्या बेसबॉल टीमचा कोच होतो. एका मॅचमध्ये तो केव्हिनला महत्त्वाच्या जागी उभा करतो आणि उभं केल्या केल्या त्याच्या डोक्यात चित्र सुरू होतं की पोरगा मोठा झालाय, कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण करतोय, सगळं श्रेय बापाला देतोय. तेवढ्यात खरा बॉल येतो आणि केव्हिनच्या हातून सुटतो. लगेच दुसरं चित्र. तोच मुलगा मोठा होऊन कॉलेजच्या टॉवरवर बंदूक घेऊन चढलाय, खाली लोक पळतायत, आणि कारण काय तर बापाने लहानपणी त्या जागी खेळायला लावलं होतं.

दोघांनी सिनेमा दोन रात्रींत बघितला, फोनवर, खाली इंग्रजी सबटायटल लावून, थांबवून थांबवून, जिथे कळलं नाही तिथे परत मागे घेऊन. पुढच्या भेटीत वडील आत आले, बसले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, ‘मॅडम, तो टॉवरवाला सीन. मी तेच करतो ना?’

मी म्हटलं हो.

त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसले, आणि मला वाटतं त्या क्षणाला आमचं खरं काम सुरू झालं. एक सुटलेला बॉल आणि एक वाया गेलेलं आयुष्य यांच्यामध्ये बापाच्या डोक्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे, हे मी तासभर समजावून सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

आता मुख्य प्रश्नाचं उत्तर, आमचं काय चुकलं? मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. काही पोरं जन्मतःच जास्त घाबरी असतात, नवीन माणूस, नवीन जागा, मोठा आवाज, त्यांचं शरीर लवकर दचकतं. हे घराण्यातही असतं. वळण, शाळा, घरातलं वातावरण हे सगळं त्याच्यावर चढतं. त्यामुळे तुम्ही भीती ‘लावली’ असं म्हणणं चूक आहे. पण ती कमी करण्यात तुमचा हात सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी चिंता असलेल्या मुलांसाठी एक पद्धत तयार केली, स्पेस म्हणतात तिला, आणि त्यात सगळं काम आईबापाबरोबर होतं, मुलाला एकदाही यावं लागलं नाही तरी चालतं. २०२० मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात ही पद्धत मुलांना थेट दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या उपचारापेक्षा कमी पडली नाही असं दिसलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं कारण आपल्याकडे खेड्यातून पोराला दर आठवड्याला आणणं किती जणांना जमतं?

या पद्धतीत एक गोष्ट बघतात, पोराच्या भीतीपायी घर किती वाकलंय. आम्ही यादी काढायला बसलो तर आई सांगत गेली आणि वडिलांचा चेहरा बदलत गेला, कारण त्यांना यातलं अर्धं माहीतच नव्हतं. उलटी आली की आई गुपचूप म्हणायची राहू दे आज, मी पप्पांना सांगते ताप आहे. शाळेत तोंडी परीक्षा असली की आई बाईंना निरोप धाडायची की त्याला नका विचारू. रात्री तो चारपाच वेळा विचारायचा, उद्या काही होणार नाही ना, आणि आई चारपाच वेळा म्हणायची काही नाही होणार. आणि वडील दुसऱ्या टोकाला, काही नाही होत, बस गाडीवर, रडतो काय पोरीसारखा. (हे ‘पोरीसारखा’ आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलं, घाबरण्याला पोरगा-पोरगी नसतं आणि पोरींनीही का ऐकून घ्यावं.) म्हणजे एकजण भीतीपासून लपवत होती आणि एकजण भीती नाहीच म्हणत होता, आणि मधल्या मध्ये पोराला एकच गोष्ट कळत होती की ही भीती इतकी मोठी आहे की आईबाप पण तिच्यावरून भांडतात.

मग दोघांनी म्हणायचं एकच वाक्य ठरवलं. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि भीती वाटत असताना पण तुला हे जमेल असं मला वाटतं.’ दोन्ही अर्धे पाहिजेत, नुसता पहिला म्हटला तर पोरगं भीतीत बसून राहतं आणि नुसता दुसरा म्हटला तर ते एकटं पडतं. आईने शाळेतला निरोप बंद केला पण आधी सोनूला सांगून, की पुढच्या सोमवारपासून मी चिठ्ठी देणार नाही. रात्रीच्या प्रश्नाला एकदाच उत्तर. वडिलांनी क्लासच्या दारात मार्क विचारायचे नाहीत, सरांकडून पण घ्यायचे नाहीत, आणि हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून उभं राहायचं. हो, हेल्मेटचं मी सोनूला विचारून त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

क्लासचं काय करायचं हे सोनूलाच विचारलं. मला वाटलं होतं सोडायचा म्हणेल. तर म्हणाला परीक्षा द्यायचीय पण रविवारी खेळायचंय. शनिवारचा ठेवला, रविवारचा सोडला. क्लासवाले म्हणाले मग नंबर लागायची आशा सोडा, वडिलांना दोन दिवस झोप आली नाही, तरी त्यांनी शब्द पाळला.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिले दोन आठवडे उलट्या वाढल्या, आणि हे बऱ्याच घरात होतं, टेकू काढला की पोरगं आधी जास्त जोर लावून बघतं. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी सोनगीरला गाडी थांबवल्यावर वडिलांचा हात उठला. एक थापड. स्वतःच मला फोन केला, आवाज नीट येत नव्हता. म्हणाले मॅडम मी काही सुधारणारा नाही. मी त्यांना विचारलं मारल्यावर काय केलं? म्हणाले, दोघं रस्त्याच्या कडेला बसलो, मी त्याला म्हटलं चुकलं माझं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले, त्यांनी पन्नासच्या दशकात ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली, की बाळाला बिनचूक आई लागत नाही, पुरेशी चांगली लागते, जी हळूहळू, बाळाला झेपेल तितकी कमी पडत जाते. मी आयांइतकंच बापांनाही ते लागू करते. थापड चूकच होती, ती मी चूकच म्हटलं, पुन्हा हात उठायला लागला तर गाडीपासून दहा पावलं लांब जायचं असं ठरवलं. पण चुकलं म्हणणारा बाप त्या पोराने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला हेही खरं.

त्याच संध्याकाळी घरी आजी म्हणाली, ‘तू बी असाच व्हता रे. शाळानं नाव काढं का तुनं पोट दुखे.’ चाळीस वर्षांच्या माणसाला हे पहिल्यांदा कळलं. त्याला वाटत होतं तो लहानपणापासून धीट आहे.

पुढच्या भेटीत ते एकटेच आले. म्हणाले, त्या सिनेमाची सुरुवात आहे ना, ती मी तुम्हाला सांगितली नाही. सिनेमाच्या सुरुवातीला गिलला स्वतःचं लहानपण आठवतं, त्याच्या वाढदिवसाला बाप त्याला मॅच बघायला नेतो आणि स्टेडियममधल्या माणसाला पैसे देऊन पोराला त्याच्याजवळ बसवून स्वतः निघून जातो. सोनूचे वडील म्हणाले, तिथे मी फोन बंद करून ओट्यावर जाऊन बसलो होतो. बायको मागून आली तर सांगितलं झोप येतेय. माझा बाप मला सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचा, दत्तजयंतीला, घोड्यांचा बाजार दाखवतो म्हणायचा, आणि एका भज्याच्या दुकानात बाकड्यावर बसवून जायचा ते दिवे लागल्यावर यायचा. दुकानवाला भजी द्यायचा. मी रडायचो नाही, मी रस्त्याकडे बघत बसायचो, कोणत्या पावलांवरून कळेल की पप्पा आले.

मग स्वतःच थांबले. ‘हेल्मेटसारखं,’ म्हणाले.

मी या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या, त्यांनी जोडल्या. त्या वर्षीच्या दत्तजयंतीला ते सोनूला घेऊन सारंगखेड्याला गेले, दिवसभर हात धरून घोडे बघितले, आणि कुठेतरी गरम भजी खाताना त्याला ही गोष्ट सांगितली. मी सांगितलेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर कदाचित म्हटलं असतं थांबा, पोराच्या डोक्यावर अजून एक ओझं नको. पण त्यांनी ती रडगाणं म्हणून सांगितली नाही, आजोबांची एक गोष्ट म्हणून सांगितली, आणि पोराला ती आवडली.

आता सिनेमाबद्दल माझं एक भांडण आहे ते सांगते. पुढे एका मॅचमध्ये केव्हिन उंच आलेला बॉल झेलतो, टीम जिंकते आणि गिल मैदानात वेड्यासारखा नाचतो. दरवेळी बघताना माझे डोळे भरून येतात आणि दरवेळी मनात येतं की सुटला असता तर? बापाचा आनंद अजून त्या बॉललाच बांधलेला आहे, फक्त यावेळी बॉल हातात बसला एवढंच. पोरगं घरी जाऊन काय शिकेल, की झेलला तर पप्पा नाचतात. शेवटाकडे गिलची म्हातारी आजी येऊन सांगते की तरुणपणी तिला जत्रेतल्या नुसत्या गोल फिरणाऱ्या घोड्यांपेक्षा वरखाली जोरात जाणारी रोलरकोस्टर जास्त आवडायची, आणि मग शाळेच्या नाटकात धाकटं पोरगं स्टेजवर घुसून सगळा गोंधळ घालतं आणि त्या गोंधळातच बापाला एकदाचं हसू येतं. तो सीन मला झेललेल्या बॉलपेक्षा खरा वाटतो.

परीक्षा जानेवारीत झाली. केंद्राच्या गेटवर पालकांची गर्दी, पेपर सुटला की प्रत्येक पोराभोवती चार मोठी माणसं, सातव्याचं उत्तर काय लिहिलं, आकृतीवाल्यात किती सुटले. सोनूचे वडील हेल्मेट आरशाला अडकवून उभे. पोरगा आला, त्यांनी खिशातून बोरं काढून दिली. नरडाण्यापर्यंत दोघं बोरं खात आले, बिया रस्त्यात थुंकत. पेपरचं सोनूनेच काढलं, घरी आल्यावर, आजीजवळ.

यादी लागली तेव्हा त्यात नाव नव्हतं.

त्या दिवशी मला फोन आला तेव्हा मी स्वतः धास्तावले होते. म्हणाले, मॅडम, दुकानाच्या मागे खताच्या पोत्यांवर बसून रडलो. घरी गेलो तर पोरगं दारातच उभं. तोंडाकडे बघून म्हणालं, पप्पा तुम्ही नाराज आहात का?

इथे आधीचे ते असते तर म्हणाले असते नाही रे, काही नाही, आणि दोन दिवस जेवले नसते. त्यांनी सांगितलं, ‘हो, आहे थोडा. पण ही नाराजी माझी आहे, मीच बघून घेईन. ती काढायचं काम तुझं नाही.’ सोनू थोडा वेळ उभा राहिला. मग आत जाऊन जेवला. दोन भाकरी, आईने मला नंतर मोजून सांगितलं.

पोट अजून दुखतं. शाळेत स्नेहसंमेलन होतं तेव्हा दुखलं, मामाच्या गावी लग्नाला जाताना दुखलं. पण उलटी नाही, आणि तो आता सांगतो की पोट दुखतंय म्हणजे मला भीती वाटतेय, पाच मिनिटं थांबा. ज्या घरात पोरगं दोन-दोन आठवडे शाळेतच जात नाही, रात्र रात्र झोपत नाही, किंवा मरणाबिरणाच्या गोष्टी बोलतं, तिथे मात्र वाट बघू नका, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, आणि जवळ कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनूच्या आईचा फोन आला. मागे पोरींची गाणी ऐकू येत होती. माहेरवाशिणी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, सोनू पाटीवर बसलेला पण पाय जमिनीला टेकवूनच, अर्धा तास तसाच. गल्लीतलं कोणीतरी मागून हात लावायला गेलं तर आजी ओरडली, ‘त्याले ढकलू नका! त्याना त्याले लेऊ द्या.’ म्हणजे त्याचा त्याला घेऊ द्या.

आणि आत वडील त्यांच्या वडिलांच्या नावाने घागर भरत होते, वर्षातून एकदा पितरांना पाणी, त्याच्यावर खरबूज ठेवलेलं, आमरस-पुरणपोळीचं ताट पुढे. सोनू झोका सोडून आत आला, घागरीकडे बघत बापाशेजारी मांडी घालून बसला आणि विचारलं, ‘पप्पा, आजोबा तुम्हाला भज्याच्या दुकानात बसवून कुठे जायचे?’

वडील म्हणाले, ‘माहीत नाही रे. मी कधी विचारलंच नाही.’

‘तुम्ही घाबरायचात?’

‘हो.’

सोनूने घागरीवरचं खरबूज जरा सरळ केलं आणि परत झोक्याकडे गेला.